फिरलेले वासे

मार्गशीर्ष सरतां सरतां बोरी नदीच्या कांठानें अमळनेराबाहेर पडलें, कीं तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतांत कधीं कधीं एक दृश्य दृष्टीस पडतें. झाडाच्या अगदीं शेंड्याला, मागच्या पायांनीं डहाळी धरून, डोकें खालीं करून, एक काळसर पडलेली अळी लोंबत असते. बोट लागतांच तिची कातडी फुटते आणि आंतला गढूळ रस खालच्या पानांवर गळतो. शेतकरी तिच्याकडे फारसें लक्ष देत नाहीं. मेलेली अळी ही कांहीं पाहात बसण्याची वस्तु नव्हे. परंतु या लोंबत्या अळीला सुमारें पांचशें वर्षांचा लिखित इतिहास आहे, आणि त्यांतला सर्वांत चमत्कारिक अध्याय गेल्या तीस-चाळीस वर्षांतच लिहिला गेला आहे.

तो सांगावासा वाटण्यास एक लहानसें निमित्त झालें. माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्यानें हरभऱ्यावरील घाटेअळीसाठीं विषाणूचें द्रावण आणलें आणि सायंकाळीं फवारलें. तिसऱ्या दिवशीं तो शेतावर गेला, तों अळ्या खुशाल घाटे पोखरीत होत्या. वाटेंत भेटला तेव्हां म्हणाला, "सर, हाई औषध काही कामनं नही." चौथ्या दिवशीं त्यानें पंपांत नेहमींचें जहाल कीटकनाशक भरलें व अर्ध्या शेतावर मारलें. उरलेलें अर्धें शेत, पंप नादुरुस्त झाल्यामुळें, तसेंच राहिलें.

ही चूक त्याची म्हणावी, तर ती आपल्या भाषेची अधिक आहे. लॅटिन भाषेंत 'व्हायरस' म्हणजे विष. तो शब्द इंग्रजींत जसाच्या तसा आला; आपण मराठींत त्याचें भाषांतर करून 'विषाणु' केला आणि विषाची कल्पना त्याबरोबर घरांत घेतली. विष म्हटलें कीं माणूस तें रात्रीं घालतो व सकाळीं मेलेला किडा शोधतो. विष आपलें काम आपण करतें. त्याला कोणाच्या सहकार्याची गरज नसते. विषाणूचें नेमकें उलट आहे. तो एकटा असतो तेव्हां चिमूटभर धुळीहून अधिक कांहीं करीत नाहीं. त्याला जें जें करावयाचें तें अळीच्या जिवंत पेशीकडून, तिच्याच सामग्रीनें करून घ्यावें लागतें. ही गोष्ट कळण्याला विद्वानांना चार-पांच शतकें लागलीं. हरभरेवाल्याला ती तीन दिवसांत कळावी अशी अपेक्षा करणें बरोबर नाहीं.

या इतिहासाचा प्रारंभ शेतांत नाहीं, रेशमाच्या कारखान्यांतही नाहीं. तो एका कवितेंत आहे. क्रेमोना गांवचा मार्को जिरोलामो व्हिडा, जो पुढें बिशपही झाला, यानें १५२७ सालीं रेशमाच्या किड्यांच्या संगोपनावर एक लॅटिन काव्य प्रसिद्ध केलें. त्यांत किडे सुजून, फुटून, त्यांचा रस होऊन मरण्याचें जें वर्णन आहे तें या रोगाचा पहिला उल्लेख म्हणून मानलें जातें. रेशीमवाल्यांनीं रोगाला नांवें दिलीं तीं डोळ्यांना दिसलें त्यावरून: इटालियनांनीं 'पिवळेपणा', फ्रेंचांनीं 'लठ्ठपणा'. कारणें मात्र ज्याच्या त्याच्या बुद्धीप्रमाणें. कोणी म्हणे ओलीं पानें घातलीं, कोणी म्हणे हवा बिघडली. अर्थात् आपल्याकडे देवीची सांथ आली म्हणजे जसे तर्क चालत, त्यांतलेच हे.

१८५६ सालीं माएस्त्री व कॉर्नालिया या दोन इटालियन संशोधकांनीं रोगी किड्याचा रस सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला. त्यांना त्यांत असंख्य चकचकीत, पैलूदार स्फटिक दिसले, एखाद्या जवाहिऱ्यानें हिऱ्याचा चुरा सांडावा तसे. जिवंत प्राण्याच्या शरीरांत हे स्फटिक कोठून आले, हें कोणालाच सांगतां येईना. थोर पाश्चर १८६५ पासून कित्येक वर्षें फ्रान्समधील रेशीमकिड्यांच्या रोगांच्या मागें लागला होता. पण त्याचा रोख पेब्रिन नांवाच्या दुसऱ्या रोगावर, आणि हे स्फटिक त्याच्या हातून निसटले. मोठ्या माणसांच्या हातून निसटलेल्या गोष्टींचा एक वेगळाच इतिहास लिहितां येईल. स्फटिकांचें रहस्य थोडेंसें उकललें तें गोरिझिया येथील योहान बोले याला, १८९० नंतरच्या दशकांत. हे स्फटिक किड्याच्या आंतड्यांतील अल्कधर्मी रसांत विरघळतात, हें त्यानें पाहिलें. स्फटिक हा एक सूक्ष्म आदिजीव आहे, असें मात्र तो समजला. पाहणें बरोबर आणि अनुमान चूक, असें शास्त्राच्या इतिहासांत इतक्या वेळां घडलें आहे, कीं त्याबद्दल त्याला दोष देण्याचें मनांत येत नाहीं. १९०७ सालीं फॉन प्रोवाझेक यानें रोगी रस गाळून स्फटिक काढून टाकले, तरी गाळलेल्या स्वच्छ रसानें किडे आजारी पडतच राहिले. म्हणजे स्फटिकाहूनही बारीक असें कांहीं त्यांत होतें.

दरम्यान हाच रोग रेशमाच्या घरांतून अरण्यांत दिसूं लागला होता, किंवा तेथें तो पूर्वींपासूनच असून आतां कोठें माणसांचें लक्ष गेलें होतें. १८९० च्या सुमारास बव्हेरियांतील सूचिपर्णी वनांवर एका पतंगाच्या अळ्यांची धाड आली. अळ्यांनीं झाडें बोडकीं केलीं आणि मग एकाएकीं त्या झाडांच्या शेंड्यांना चढून, उलट्या लोंबून मेल्या. जर्मन वनाधिकाऱ्यांनीं याला 'शेंड्याचा रोग' म्हटलें. आमच्या बोरीकांठच्या तुरीवर जें दिसतें तें हेंच. फरक एवढाच, कीं तेथें शेंडा पुरुषभर उंचीच्या किती तरी वर होता आणि येथें तो आपल्या कमरेशीं येतो.

१९४७ सालीं गेर्नोट बेर्गोल्ड या संशोधकानें इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें स्फटिकाच्या पोटांत काय आहे तें दाखविलें. स्फटिक म्हणजे नुसतें प्रथिनाचें वेष्टण. त्यांत, लाडवांत बेदाणे असावेत तशा, बारीक काड्या भरलेल्या. काडी म्हणजे खरा विषाणु. स्फटिक पानावर उन्हापावसांत पडून राहतो, अळी पान खाते, तिच्या अल्कधर्मी आंतड्यांत लाडू विरघळतो आणि बेदाणे मोकळे होतात. बोलेनें पाहिलेल्या विरघळण्याचा अर्थ असा पन्नास वर्षांनीं लागला.

येथपर्यंतचा इतिहास रोग पाहणारांचा झाला. काडी पेशींत शिरल्यावर पुढें काय करते, हें पाहावयाचें तर पेशी कांचेच्या भांड्यांत जिवंत ठेवतां आल्या पाहिजेत. विल्यम ट्रॅगर यानें १९३५ सालीं रेशीमकिड्याच्या बीजकोशाच्या पेशींत हा विषाणु वाढवून दाखविला, पण त्या पेशी कांहीं काळानें मरत. पिढ्यान्पिढ्या वाढत राहणारा कीटकपेशींचा वंश ग्रेस यानें ऑस्ट्रेलियांत १९६२ सालीं प्रथम तयार केला. त्यानंतर पांच वर्षांनीं, १९६७ सालीं, पुण्याच्या विषाणुसंशोधन केंद्रांत के. आर. पी. सिंग यांनीं एडिस जातीच्या दोन डासांच्या अळ्यांपासून असे पेशीवंश वाढविले. भारतीय परिषदेनें रॉकफेलर फौंडेशनच्या साह्यानें १९५२ सालीं काढलेलें हें केंद्र. पुढें तेंच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झालें. सिंगांच्या पेशी जगभर गेल्या आणि डेंग्यूसारख्या रोगांचे विषाणू वाढविण्यासाठीं वापरल्या गेल्या. त्याच संस्थेंत पुढें आमच्या घाटेअळीच्या रक्तपेशींपासूनही वंश तयार झाला व २००२ सालीं त्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. महाराष्ट्रांत झालेल्या या कामाची माहिती आमच्या पदवीधरांनाही नसते, याचें मला नेहमीं आश्चर्य वाटतें.

आतां सांगाड्याकडे वळूं. सांगाडा म्हटलें कीं हाडें डोळ्यांपुढें येतात; अळीला हाडें नाहींत, मग तिचा सांगाडा कसला? परंतु अळीच्या काय, माणसाच्या काय, प्रत्येक पेशीच्या आंत एक सांगाडा असतो. हंगेरींतील सेगेद येथें, महायुद्धाच्या धामधुमींत, सेंट-ग्योर्गी यांच्या प्रयोगशाळेंत श्ट्रौब या तरुणानें १९४२ सालीं स्नायूंतून एक प्रथिन वेगळें केलें. त्याचें नांव ॲक्टिन. तें केवळ स्नायूंचें म्हणून प्रथम गणलें गेलें. मागाहून तें जवळजवळ सर्व प्रगत पेशींत सांपडलें. त्याचे सुटे कण एकास एक जोडून तंतू होतात, तंतूंना फांद्या फुटतात, आणि गरज सरली कीं तंतू पुन्हां सुटे होतात. यांच्या जोडीला सूक्ष्मनलिका असतात. त्यांच्यावरून पेशींतला माल इकडून तिकडे वाहिला जातो. लग्नाच्या मांडवाचे वासे सकाळीं रोवावे, दुपारीं हलवावे, रात्रीं उपटावे, तसा हा सांगाडा अहोरात्र उभा राहतो व मोडतो. पेशीचा आकार, तिची हालचाल, तिचें दुभंगणें, सारें या वाशांवर आहे.

विषाणूचा या वाशांशीं कांहीं संबंध असेल ही शंका कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें लॉय व्होल्कमन या विदुषीला आली. बुरशीपासून मिळणारें सायटोकॅलेसिन नांवाचें एक द्रव्य ॲक्टिनचे तंतू बनूं देत नाहीं. १९८७-८८ सालीं व्होल्कमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विषाणु शिरलेल्या पेशींना हें द्रव्य दिलें. विषाणूचीं प्रथिनें तयार होत राहिलीं. पण जनुकद्रव्य भरलेल्या पुऱ्या काड्या मात्र बनेनात. वाळू, विटा, लांकूड अंगणांत येऊन पडावें आणि गवंडी नसल्यामुळें घर उभें राहूं नये, तशी अवस्था. यावरून एवढें निश्चित झालें, कीं हा विषाणु स्वतःला उभें करण्यासाठीं पेशीच्या ॲक्टिनवर अवलंबून आहे.

१९९१ सालीं चार्ल्टन व व्होल्कमन यांनीं या घटनेचा क्रम लावला. काडी पेशींत शिरते न शिरते, तोंच बाहेरच्या पेशीद्रवांत ॲक्टिनचे जाड दोर दिसूं लागतात. हे दोर व्हायला विषाणूनें आपलें एकही नवें प्रथिन बनविण्याची गरज नसते, आलेली काडीच पुरे. पुढें कांहीं तासांनीं दृश्य पालटतें. ॲक्टिन पेशीकेंद्राच्या आंत गोळा होऊं लागतें, आणि तेथें त्याचे तंतू होतात. पेशीकेंद्र म्हणजे जनुकें ठेवण्याची कोठडी. तेथें वाशांचें असें रान एरवीं माजत नाहीं. घरांतले वासे उपटून कोणी देवघरांत रोवावेत, असा तो प्रकार. हें ॲक्टिन कोठडींत ओढून आणण्याच्या कामीं विषाणूचीं सहा जनुकें लागतात, असें २००२ सालीं दिसून आलें.

परंतु तंतू बनविण्याची आज्ञा कोण देतो? पेशीजवळ ॲक्टिनला फांद्या फोडणारें एक यंत्र आहे. शास्त्रज्ञ त्याला आर्प २-३ म्हणतात. तें आपण होऊन चालत नाहीं. पेशीचीं ठराविक प्रथिनें त्याला सुरू करतात. विषाणूच्या काडीच्या एका टोंकाला एक प्रथिन बसविलेलें असतें, पी ७८-८३ या रुक्ष नांवाचें. या प्रथिनाचा शेवटचा भाग पेशीच्या त्या आज्ञा देणाऱ्या प्रथिनासारखा आहे, आणि तेंच यंत्राला चालू करतें, हें २००६ सालीं गोली, व्होल्कमन, वेल्श प्रभृतींनीं सिद्ध केलें. सरकारी शिक्क्याची हुबेहूब नक्कल खिशांत घेऊन कोणी कचेरींत शिरावें आणि शिपायापासून कारकुनापर्यंत सर्वांनीं मुकाट्यानें त्याचें काम करूं लागावें, तसें हें आहे. आमच्या घाटेअळीच्या विषाणूजवळही याच जातीचा शिक्का आहे, हेंही पुढें तपासून झालें.

या शिक्क्याचा आणखी एक उपयोग २०१० सालीं ओकावा, व्होल्कमन व वेल्श यांनीं दाखविला. काडी पेशींत उतरल्यावर तिला केंद्रापर्यंत जावयाचें असतें. पेशीच्या आंत इतकी दाटी आहे, कीं एवढी मोठी वस्तु नुसती तरंगत तेथें पोंचणें कठीण. काडी काय करते? आपल्या टोंकाशीं ॲक्टिनचे तंतू उत्पन्न करवते. ते तंतू वाढतां वाढतां तिला पुढें ढकलतात. सूक्ष्मदर्शकाखालीं तिच्यामागें धूमकेतूच्या शेपटीसारखी शेपटी दिसते. अशा रीतीनें ती केंद्राच्या दारापर्यंत लोटत जाते. पुढें आंत तयार झालेल्या नव्या काड्या बाहेर पडावयाच्या, तेव्हांही याच जोरावर केंद्राचा पडदा फाटतो, असें २०१८ सालीं दिसलें. नंतर पेशीच्या पृष्ठाकडे जाण्यास सूक्ष्मनलिकांची वाट आणि तिच्यावरचे हमाल उपयोगी पडतात. येणें, उभें राहणें, जाणें, तिन्ही दुसऱ्याच्या वाशांवर. घर फिरलें म्हणजे घराचे वासेही फिरतात, ही म्हण करणारानें सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता.

श्रीमंत प्रताप शेठांनीं १९१६ सालीं आमच्या गांवांत तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलें. तेथें ज्या वेदान्ताच्या अभ्यासाला मान मिळाला, त्यांत स्वतंत्र सत्ता कशाला म्हणावी हा प्रश्न पुनःपुन्हां येतो. विषाणूला अशी सत्ता आहे काय? पानावरच्या स्फटिकाकडे पाहिलें तर तो निर्जीव. पेशींतल्या काडीकडे पाहिलें तर तिची लगबग एखाद्या सजीवासारखी. पण ती लगबग कोणाची? ढकलणारें ॲक्टिन अळीचें, त्याला लागणारी शक्ति अळीची, हुकूम पाळणारें यंत्र अळीचें. विषाणूचा म्हणावा तो फक्त शिक्का आणि जनुकांची एक पुरचुंडी. त्याला जिवंत म्हणावें कीं मृत, याचा वाद अनेकांनीं घातला आहे. मला तो वाद निष्फळ वाटतो. "कोणाच्या आधारानें?" हा प्रश्न विचारला, कीं पुष्कळसें धुकें ओसरतें.

हें सारें पाहिलें गेलें तें ज्या पेशींत, त्यांची कुळकथा खानदेशच्या शेतकऱ्यानें ऐकण्यासारखी आहे. १९७७ सालीं अमेरिकेंत व्हॉन यानें एका अमेरिकन पतंगाच्या कोशांतील बीजकोशापासून पेशीवंश काढला. त्याला व त्याच्या एका शाखेला एस. एफ. अशीं आद्याक्षरें मिळालीं, तीं त्या पतंगाच्या शास्त्रीय नांवाचीं. हा पतंग म्हणजेच आपली अमेरिकन लष्करी अळी. २०१८ सालीं ती कर्नाटकांत प्रथम आढळली, त्याच वर्षीं महाराष्ट्रांत आली, आणि आमच्याकडे मक्याच्या पोंग्यांत शिरून बसली. जी अळी जळगांव-धुळ्याच्या मक्याचा नाश करते, तिच्याच जातीच्या पेशींनीं शास्त्रज्ञांना हा सांगाड्याचा प्रकार दाखविला. इतकेंच नव्हे, तर त्याच पेशींत, याच जातीच्या विषाणूच्या जनुकांत हवें तें जनुक घालून, हवें तें प्रथिन करवून घेण्याची रीत १९८३ च्या सुमारास निघाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें कोव्होव्हॅक्स नांवाची करोनाप्रतिबंधक लस या रीतीनें बनविली, आणि २०२१ च्या डिसेंबरांत तिला भारतांत परवानगी मिळाली. विषाणु अळीच्या पेशीला राबवितो. माणसानें त्या विषाणूलाच राबविलें.

मग अळीचें पुढें काय होतें? पेशी एकामागून एक स्फटिकांनीं भरून फुटतात. विषाणूजवळ एक जनुक असें आहे, कीं त्यामुळें अळीची कात टाकण्याची क्रिया थांबते. ती खातच राहते, म्हणजे विषाणूला कोठार मोठें मिळतें. अमेरिकेंतील एका पतंगाच्या अळ्यांत मरण्यापूर्वीं शेंड्याला चढण्याची प्रेरणाही याच जनुकाशीं निगडित आहे, असें २०११ सालीं दाखविलें गेलें. शेवटीं विषाणूच्याच हुकमानें बनलेलीं दोन पाचकद्रव्यें अळीचें मांस व कातडी विरघळवितात, आणि रस खालच्या पानांवर गळतो. तेथें दुसऱ्या अळ्या चरत असतातच.

या सर्वाला वेळ लागतो. काडीला केंद्रापर्यंत जावयाचें, वासे उपटून आंत आणावयाचे, नव्या काड्या उभ्या करावयाच्या, स्फटिक बांधावयाचे, आणि हें पेशीगणिक. लहान अळीला चार ते सात दिवस लागतात. मोठी झालेली अळी तर पुष्कळदां दाद देत नाहीं, म्हणून फवारणी अळ्या लहान असतांनाच करावयाची. सूर्याचे अतिनील किरण स्फटिकांना मारक, म्हणून ती सायंकाळीं करावयाची आणि द्रावणांत कपड्याची नीळ घालावयाची. या द्रावणाचें मापही मोठें बोलकें आहे. कीटकनाशक ग्रॅमानें व मिलिलिटरनें मोजतात, हें एल. ई. नें मोजतात, म्हणजे 'एका अळीइतकें'. घाटेअळीच्या बाबतींत एक एल. ई. म्हणजे सहा अब्ज स्फटिक, आणि हेक्टरी २५० ते ५०० एल. ई. लागतात. तें कोणत्याही रासायनिक कारखान्यांत होत नाहीं. प्रयोगशाळांतून जिवंत घाटेअळ्या हरभऱ्याच्या पिठाच्या खाद्यावर वाढवाव्या लागतात, त्याही एकेकीला वेगळा कप्पा देऊन, कारण या अळ्या एकमेकींना खातात. मग त्यांना रोग लावावा लागतो आणि मेल्यावर त्यांचा रस काढावा लागतो. अळीखेरीज विषाणु नाहीं, हें तत्त्व त्या डब्यावरच्या मापांतच लिहिलेलें असतें. पण डब्यावर 'चार दिवस वाट पाहा' हें ठळक अक्षरांत छापलेलें मीं पाहिलें नाहीं; बारीक अक्षरांत असल्यास तें संध्याकाळच्या उजेडांत वाचणार कोण?

त्या शेतकऱ्याच्या शेतावर मी सातव्या दिवशीं गेलों. ज्या अर्ध्या भागावर जहाल औषध मारलें होतें तेथें अळ्या मरून जमिनीवर पडल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर कांहीं मधमाश्याही. पंप बिघडल्यामुळें राहिलेल्या भागांत हरभऱ्याच्या शेंड्यांना काळ्या अळ्या लोंबत होत्या. सहज नजर टाकली तरी ओळीगणिक दहा-पांच दिसत. मी त्याला वर सांगितलेली हकीगत, काड्या व वासे यांसह, जमेल तितकी सांगितली. त्यानें ती ऐकून घेतली, आणि एकच प्रश्न विचारला: या मेलेल्या अळ्या पुन्हां कामाला येतील काय? येतील, असें मीं सांगितलें. तेव्हां त्यानें व त्याच्या मुलानें त्या एका डब्यांत गोळा केल्या, पाण्यांत ठेचल्या, धोतराच्या फडक्यांतून गाळल्या, त्यांत नीळ कालवली, आणि दिवस मावळल्यावर शेजारच्या तुरीवर मारल्या. डब्याला मात्र तो अजून औषधाचाच डबा म्हणतो.